गव्हाणीत काय पडते, तिकडे लक्ष हवे

गेल्या काही वर्षांत 'प्रतिकारशक्ती' हा शब्द आपल्या घराघरांत शिरला आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हापासून काढा, चूर्ण, सरबत, जे म्हणून विकायला येते त्याच्या वेष्टनावर हा शब्द छापलेला असतो. आता तो गोठ्यातही येऊन पोहोचला आहे. बडोद्यात अलकापुरीसारख्या वस्तीत राहून पादरा, सावली, डभोईकडची शेती सांभाळणाऱ्या आपल्या बंधूंना आणि गावातच राहून दूध घालणाऱ्या भगिनींना हा अनुभव नवा नाही. पेंडीच्या पोत्यावर एक पुडी ठेवून दुकानदार सांगतो, "ही द्या, जनावराची प्रतिकारशक्ती वाढेल, मग कोणताच रोग जवळ येणार नाही."

प्रतिकारशक्तीला आम्ही मुळीच कमी लेखत नाही. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या रोगांवरच्या लसी त्याच शक्तीच्या जोरावर काम करतात आणि त्या वेळेवर टोचून घेतल्याच पाहिजेत. आमचा आक्षेप 'कोणताच रोग' या दोन शब्दांना आहे. परमेश्वराच्या सृष्टीत रोगांचे एक असे कुटुंब आहे की त्यात शरीराचे राखणदारच चोराचे वाटाडे होतात. वेशीवरचा जागल्या चोराला ओळखत नाही, उलट त्याला हाताला धरून घरात घेऊन जातो. अशा रोगापुढे राखणदारांची संख्या वाढवून काही साधत नाही. चोर ज्या दारातून येतो ते दारच बंद ठेवावे लागते. ते दार म्हणजे आपल्या जनावरांची गव्हाण.

हे कुटुंब म्हणजे प्रिऑनचे रोग. विषय थोडा कठीण आहे, पण शेतकऱ्याला समजणार नाही असा नाही. वाचकांनी थोडा धीर धरावा.

हा रोग कोणता?

मेंढ्यांमधील या रोगाला स्क्रेपी म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याची नोंद १७३२ पासून आहे. मेंढी कुंपणाला, खांबाला अंग घासत राहते, लोकर झडते, चाल बिघडते, आणि शेवटी ती मरते. ताप नाही, पू नाही, सूज नाही. मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात स्पंजासारखी छिद्रे दिसतात.

गाईंमधील रोग १९८६ साली ब्रिटनमध्ये ओळखला गेला. वर्तमानपत्रांनी त्याला 'मॅड काऊ' हे नाव दिले. तेथील गाईंच्या खुराकात मेलेल्या व कापलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची पूड मिसळत असत. गाय ही गवत खाणारी, रवंथ करणारी. तिला तिच्याच जातीच्या जनावरांचे अवशेष चारले गेले, आणि रोगट जनावराचा अंश हजारो गव्हाणींत पोहोचला. जुलै १९८८ मध्ये ब्रिटनने अशा खाद्यावर बंदी घातली, परंतु हा रोग वर्षानुवर्षे अंगात दबून राहतो, त्यामुळे बंदीनंतरही आकडा चढतच गेला. एकट्या ब्रिटनमध्ये १,८०,००० हून अधिक गाईंना हा रोग झाल्याचे सिद्ध झाले आणि चाळीस लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली. मार्च १९९६ मध्ये तेथील सरकारने संसदेत सांगितले की अशा गाईंचे मांस खाल्ल्याने माणसांनाही हा रोग होत असावा. त्या नव्या रोगाने ब्रिटनमध्ये १७८ माणसे दगावली, त्यांत बहुतेक तरुण होती.

याच्या आधीपासून माणसांत याच जातीचे रोग ठाऊक होते. पापुआ न्यू गिनी या देशातील फोरे जमातीत मृत नातेवाइकांचे अवयव श्रद्धेने खाण्याची प्रथा होती. त्यातून 'कुरू' नावाचा रोग पसरला आणि त्यात विशेषतः स्त्रिया व मुले मेली. प्रथा बंद झाल्यावर रोग ओसरला, पण काही जणांना तो पन्नास वर्षांनंतरही झाला. हा रोग किती वाट पाहू शकतो ते यावरून दिसते.

विरजणाचा दृष्टान्त

बहुतेक रोगांमागे जिवाणू, विषाणू, बुरशी किंवा जंत असतात. प्रिऑन यांपैकी काहीच नाही. अमेरिकेतील स्टॅन्ली प्रुझिनर यांनी १९८२ साली मांडले की हा रोग केवळ एका प्रथिनामुळे होतो. अनेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. १९९७ साली याच कामासाठी प्रुझिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रथिन आपल्या शरीरात, गाईच्या शरीरात, मेंढीच्या शरीरात मुळातच असते आणि त्याच्या नेहमीच्या आकारात ते निरुपद्रवी असते. त्याचा आकार बिघडला, घडी चुकली, म्हणजे ते प्रिऑन होते. असे बिघडलेले प्रथिन चांगल्या प्रथिनाला चिकटले की तेही तसेच बिघडते. चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि दूध उकळले की ते मरतात. प्रिऑन जिवंतच नाही, म्हणून तो मरतही नाही. साध्या उकळण्याने तो नष्ट होत नाही. मातीतही तो टिकतो. आइसलंडमध्ये स्क्रेपीमुळे रिकाम्या केलेल्या एका वाड्यात निदान सोळा वर्षांनंतर नव्या मेंढ्यांना रोग झाल्याची नोंद आहे.

राखणदार वाटाड्या कसा होतो?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रोग मेंदूचा, पण शिरतो तोंडावाटे. तोंडापासून मेंदूपर्यंतची वाट त्याला दाखवतो कोण?

आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी असतात. आतड्यातून जाणाऱ्या पदार्थांचे नमुने उचलून आत देणे हे त्यांचे काम. त्यांच्या मागे लसिका पेशींचे पुंजके असतात. पेयर नावाच्या स्विस वैद्याने सतराव्या शतकात त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पेयरचे चट्टे म्हणतात. ही जणू शरीराची जकातचौकी. आलेला माल तेथे तपासला जातो आणि शत्रू असेल तर राखणदार पांढऱ्या पेशी तयार होतात.

प्रिऑन या चौकीत येतो तेव्हा तपासणीत पकडला जात नाही, कारण तो शरीराच्याच प्रथिनाचा बनलेला आहे. तो घरचाच माणूस वाटतो. म्हणून त्याच्याविरुद्ध ताप येत नाही आणि रक्तात प्रतिद्रव्येही तयार होत नाहीत. काही भक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्यातला काही भाग पचवूनही टाकतात, हे त्यांचे उपकारच. परंतु इतर काही फिरत्या पेशी त्याला पोटात घेऊन लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचवतात. या ग्रंथी म्हणजे काखेत-जांघेत सुजल्या की आपण 'अवधाण आले' म्हणतो त्या. त्या शरीरभर आहेत, आतड्याच्या पडद्यातही आहेत.

ग्रंथींच्या आत, तशाच घशातील टॉन्सिलमध्ये आणि प्लीहेत, म्हणजे पानथरीत, फांद्यांसारखे हात पसरलेल्या पेशी एकाच जागी बसून असतात. शास्त्रज्ञ त्यांना फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशी म्हणतात. शत्रूचे तुकडे आपल्या फांद्यांवर दीर्घकाळ धरून ठेवायचे आणि इतर पांढऱ्या पेशींना ते दाखवून शिकवायचे, हे त्यांचे काम. यांच्या अंगावर ते मूळचे चांगले प्रथिनही भरपूर असते. प्रिऑन येथे येऊन टेकला की त्याला राहायला जागा मिळते आणि बिघडवायला मालही मिळतो. येथे तो महिनोन्महिने वाढत राहतो. जनावर वरून ठणठणीत असते, चारा खाते, दूध देते. पुढे या अवयवांत येणाऱ्या मज्जातंतूंचा धागा धरून तो पाठीच्या कण्यातून मेंदूत चढतो. लक्षणे दिसतात तोवर फार उशीर झालेला असतो.

ही नुसती कल्पना नाही. १९७० च्या दशकात एडिनबर्ग येथील डिकिन्सन, फ्रेझर आणि आउट्रम या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. प्लीहा काढून टाकलेल्या उंदरांना पोटात टोचलेल्या स्क्रेपीचा रोग उशिरा झाला. प्रतिकारशक्ती दाबणारे स्टिरॉइड दिलेल्या उंदरांना तो कमी प्रमाणात लागला. आणि पांढऱ्या पेशींना चेतवणारे द्रव्य दिलेल्या उंदरांना तो अधिक सहज लागला. पुड्या विकणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. १९९१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की बिघडलेले प्रथिन नेमके त्या फांद्यांच्या पेशींवर साठते. १९९७ मध्ये झुरिच येथील क्लाइन व आगुत्झी यांच्या गटाला दिसले की ज्या उंदरांत 'बी' जातीच्या पांढऱ्या पेशीच नाहीत, त्यांना शरीरात टोचलेला प्रिऑन मेंदूपर्यंत पोहोचवता येत नाही. 'बी' पेशी आपल्या संदेशांनी त्या फांद्यांच्या पेशींना जगवत असतात. त्या नसतील तर प्रिऑनला बिऱ्हाडच मिळत नाही.

यावरून कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ किंवा देऊ नयेत. राखणदार नाहीसे झाले तर बाकीचे शंभर रोग आत येतील. मेंदूत पोहोचल्यावर तर तेथील भक्षक पेशी प्रिऑनला काही काळ थोपवून धरतात असेही उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा राखणदार वाईट नाहीत. मात्र या एका शत्रूपुढे त्यांचा अतिउत्साहच घात करतो.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. मेंढ्यांच्या स्क्रेपीत आणि गाईच्या मांसातून माणसाला झालेल्या रोगात प्रिऑन लसिका ग्रंथी, टॉन्सिल, प्लीहा यांत सर्वत्र पसरतो. गाईत मात्र तो मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील चट्ट्यांत सापडतो आणि तेथून मज्जातंतूंचा रस्ता धरतो. हे चट्टे कोवळ्या वयात अधिक भरलेले असतात. ब्रिटनमधील बहुतेक गाईंना रोगाची लागण त्या वासरे असतानाच झाली होती असे मानतात, लक्षणे मात्र चार-पाच वर्षांनी दिसली. म्हणून वासराच्या खुराकाविषयी सर्वांत जास्त दक्ष राहायला हवे.

दगडी आणि दूध

आपला जिल्हा दुधाचा. येथून जवळच आणंदला सहकारी दुधाचा पाया घातला गेला आणि आज अलकापुरीतल्या घरात सकाळी पिशवी येते ती आसपासच्या खेड्यांतील लहान-लहान गोठ्यांच्या भरवशावर. म्हणून पुढील गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

सूज म्हणजे राखणदारांची गर्दी. जेथे सूज तेथे पांढऱ्या पेशींचे पुंजके जमतात. २००५ साली आगुत्झी यांच्या गटाने दाखवले की प्रिऑनची लागण झालेल्या उंदराच्या मूत्रपिंडाला, यकृताला किंवा स्वादुपिंडाला जुनाट सूज असेल, तर एरवी जेथे प्रिऑन जात नाही अशा त्या अवयवांतही तो जाऊन बसतो. त्याच वर्षी इटलीच्या सार्डिनिया बेटावरील मेंढ्यांत तसेच आढळले. ज्या मेंढ्यांना स्क्रेपी होती आणि शिवाय एका विषाणूमुळे कासेला जुनाट सूज होती, त्यांच्या कासेत प्रिऑन सापडला. पुढे २००८ साली इंग्लंडमध्ये स्क्रेपी झालेल्या मेंढ्यांच्या दुधातून कोकरांना रोग जातो असे दिसले.

हे वाचून कोणी दुधाचा पेला खाली ठेवू नये. गाईच्या रोगाबाबत बोलायचे तर, रोगट गाईंच्या दुधातून रोग पसरल्याचे आढळलेले नाही आणि जागतिक आरोग्य संघटना दूध सुरक्षित मानते. परंतु कासेची सूज, जिला आपण दगडी म्हणतो, ही 'दोन दिवसांनी जाईल' म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. ती दूध कमी करते, सड निकामी करते आणि शरीराच्या राखणदारीची सगळी घडी विस्कटते. जुनाट सूज कोणत्या पाहुण्याला घर देईल, याचा नेम नाही.

आपल्या देशाशी याचा संबंध काय?

"ही विलायतेची दुखणी, आपली गुरे गवत आणि कडबा खातात," असे आमचे काही बंधू म्हणतील. त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. भारतात गाईंमधील हा रोग आढळलेला नाही आणि प्राणी आरोग्याच्या जागतिक संघटनेने २०१० साली आपल्या देशाला 'नगण्य धोका' या वर्गात घातले. हा मान आपल्या शेतकऱ्यांचा आहे, कारण त्यांनी गाईला गाईसारखे चारले.

पण प्रिऑनची जात या देशाला अगदी परकी आहे असे नाही. १९६१ साली झ्लॉटनिक आणि कटियार यांनी ब्रिटनच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात हिमालयाच्या पायथ्याच्या दुर्गम भागातील मेंढ्यांमध्ये स्क्रेपी आढळल्याचे लिहिले. माणसांतील क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा या कुटुंबातला रोग जगात सर्वत्र तुरळक होतो, दर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना, आणि तो बहुधा कोणापासून न लागता आपोआप उद्भवतो. भारतातही तो होतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील सतीशचंद्र व शंकर या डॉक्टरांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतीय रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आहे.

याच दोघांना पुढे देशाची बाजूही मांडावी लागली. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कोल्चेस्टर नावाच्या दोन ब्रिटिश लेखकांनी असा तर्क केला की ब्रिटनच्या गाईंतील रोगाचे मूळ भारतीय उपखंडात असावे. पूर्वी येथून खतासाठी व पशुखाद्यासाठी हाडे निर्यात होत. नदीकाठी गोळा केलेल्या त्या हाडांत माणसांचे अवशेषही मिसळले असावेत, आणि त्यांत एखादा या रोगाने मेलेला असावा, असा हा तर्क. त्याच अंकात निम्हान्सच्या डॉक्टरांनी उत्तर दिले की यासाठी पुरेसा पुरावा नाही. आम्हालाही तो तर्क ओढूनताणून आणलेला वाटतो. तरी त्यातली एक गोष्ट सर्वांनी मान्य करावी अशी आहे: हाड कोणाचे, ते कोठून आले आणि शेवटी कोणाच्या पोटात गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. तो हिशेब आपणही ठेवत नाही.

आपल्याकडे हाडे पोटात जाण्याच्या वाटा आहेत. स्फुरद कमी पडले की चरायला गेलेली गाय-म्हैस ओसाडीतली हाडे चघळते, हे प्रत्येक गुराख्याने पाहिले आहे. त्यातून जनावरे लुळी पडून मरण्याचा दुसराच एक विषबाधेचा रोग होतो. गुलाबाला व फळझाडांना हाडांचा चुरा घालतात, त्याचे पोते गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे असते. पूर्वी खनिज मिश्रणातही निर्जंतुक केलेले हाडांचे पीठ वापरत. मेलेली गुरे संपवणारी गिधाडे गेली. डायक्लोफिनॅक या औषधाने ती मेली आणि जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ साली बंदी आली, पण गिधाडे पूर्वीसारखी परत आलेली नाहीत. गावकुसाबाहेरचा सांगाडा आता दिवसचे दिवस पडून राहतो.

शिवाय रोग नव्या जागी उगवतो. २०१८ साली अल्जीरियातील उंटांमध्ये प्रिऑनचा नवा रोग जाहीर झाला आणि त्या उंटांच्या लसिका ग्रंथींतही प्रिऑन सापडला. कच्छ आपल्यापासून फार लांब नाही. भीती घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही, पण ज्याच्या घरी उंट, मेंढी किंवा गाय आहे त्याच्या कानावर ही बातमी असावी.

रक्तदानाची गोष्ट

राखणदार पेशींचा हा संबंध माणसांच्या दवाखान्यातही पोहोचला. ब्रिटनमध्ये गाईपासून आलेला रोग टॉन्सिलचा तुकडा तपासून ओळखता येऊ लागला. दान केलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी गाळून टाकण्याची पद्धत त्या देशाने १९९९ साली सर्वत्र लागू केली. त्याआधी दिलेल्या रक्तातून चार जणांना लागण झाल्याचे पुढे उघड झाले. नंतर तेथे शस्त्रक्रियेत काढलेली ३२,४४१ आंत्रपुच्छे तपासली, तेव्हा १६ नमुन्यांत हे बिघडलेले प्रथिन आढळले. त्या माणसांना काहीच होत नव्हते. लसिका पेशींत हा पाहुणा किती मुकाट राहतो, ते यावरून कळते. गव्हाणीतली एक चूक रक्तपेढीपर्यंत गेली, ती अशी.

मग आपण काय करावे?

आमच्या मते यातले काहीही खर्चाचे नाही.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: कोंबड्यांचे, डुकरांचे, माशांचे किंवा कुत्र्याचे खाद्य गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या गव्हाणीत कधीही ओतू नये. आपल्यातल्या अनेकांच्या अंगणात कोंबड्या आणि म्हैस शेजारी-शेजारी असतात. कोंबड्यांच्या खाद्यात मांस-हाडांची पूड असू शकते. ते उरले, शिळे झाले, म्हणून म्हशीला घालणे ही काटकसर नाही. दोन्हींची पोती, घमेली आणि मापे वेगळी ठेवावीत. कोंबडीखत शेतात घालावे, गुरांना चारू नये, कारण त्यात सांडलेले खाद्य असते.

दुसरी गोष्ट: पोत्यावरचा मजकूर वाचावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे दूध व मांस देणाऱ्या जनावरांच्या खाद्यात मांसाची, हाडांची किंवा रक्ताची पूड घालता येत नाही. कोंबडी, डुक्कर व मासे यांनाच त्यातून सूट आहे. ज्या पोत्यावर घटक लिहिलेले नाहीत ते स्वस्त असले तरी घेऊ नये. खनिज मिश्रण घेताना त्यातले स्फुरद खडकापासूनचे की हाडापासूनचे, हे विचारावे. चांगले खनिज मिश्रण नियमित दिले की गाय हाडे चघळणेही सोडते. वासरांच्या खुराकाविषयी तर दुप्पट चौकशी करावी.

तिसरी गोष्ट: हाडांचा चुरा खत म्हणून वापरायचा असेल तर तो गोठ्यापासून दूर, बंद ठेवावा. टाकताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि लगेच मातीआड करावा. चरणाऱ्या कुरणात तो पसरू नये.

चौथी गोष्ट: मेलेले जनावर विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, पुरुषभर खोल खड्ड्यात पुरावे. गावाने ग्रामपंचायतीकडे यासाठी कुंपणाची जागा मागावी. हे काम एका जातीच्या माणसांवर ढकलून आपण नाक धरून उभे राहायचे, ही रीत ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

पाचवी गोष्ट: जनावर अडखळू लागले, दचकू लागले, लाथा मारू लागले, अंग घासू लागले, तर पशुवैद्याला बोलवावे. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय प्रिऑनचा नव्हे, तर पिसाळण्याचा घ्यायला हवा. तोंडात काही अडकले असेल म्हणून उघडा हात घालू नये. लाळ हाताला लागली असेल तर हात साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बहुतेक वेळा कारण दुसरेच निघेल, पण असे जनावर मेले तर मेंदूची तपासणी करावी काय, हे पशुवैद्याला विचारावे. देशाचा 'नगण्य धोका' हा दर्जा अशा तपासण्यांवरच टिकतो. असे जनावर गुपचूप कसायाला विकणे हे शेजाऱ्याच्या ताटात विष वाढण्यासारखे आहे, मग त्यात कितीही पैसे मिळोत.

सहावी गोष्ट: दगडीवर लगेच उपचार. धार काढण्याआधी व नंतर सड धुवावेत आणि आजारी जनावराची धार शेवटी काढावी. त्याचे दूध वासराला पाजून 'वाया गेले नाही' असे समाधान मानू नये.

प्रतिकारशक्तीच्या पुडीविषयी आमचे मत आता वाचकांच्या लक्षात आले असेल. लसी टोचाव्यात, जंताचे औषध द्यावे, ओला-सुका चारा व स्वच्छ पाणी द्यावे. ही खरी प्रतिकारशक्ती आणि तिला दुकानात जाहिरात नसते. पण जो रोग राखणदारांच्याच पाठीवर बसून येतो, त्याला पुडी थांबवत नाही. त्याला मालकाचे डोळे थांबवतात.

मेंढपाळ आणि मोलकरी यांतला फरक आपण चर्चमध्ये अनेकदा ऐकला आहे. मोलकरी लांडगा दिसला की पळतो. हा लांडगा तर दिसतच नाही, तो खाद्याच्या पोत्यातून येतो आणि चार वर्षे गप्प बसतो. अशा वेळी चांगला मेंढपाळ तोच, जो संध्याकाळी पोते सोडताना ते कशाचे आहे हे पाहतो. आपला तारणारा गव्हाणीत निजला, म्हणून ख्रिस्ती घरात गव्हाणीला मान आहे. नाताळात आपण ती सजवतो. उरलेल्या वर्षभर ती स्वच्छ आणि निर्धोक ठेवणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.